सरांचं एचिंग: चेहरा काळा, हात गायब आणि सर डावखुरे

प्रश्न विचारणारे कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांचे प्रिंटमेकिंगचे सर दीड महिन्यात निवृत्त होणार आहेत आणि सर टेबलाशी उभे राहून प्लेट पुसतायत असं एक एचिंग (धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेषा खोल करून, त्यांत शाई भरून, वरची शाई पुसून काढलेला छापा) करून त्यांना द्यायचं आहे. मोबाइलवर फोटो काढला, तो ट्रेस करून २० बाय २५ सेंटिमीटरच्या झिंक प्लेटवर हार्ड ग्राउंडमध्ये (अ‍ॅसिड रोखणाऱ्या लेपावर सुईने कोरून) उतरवला, सगळ्या रेषा एकदमच अ‍ॅसिडमध्ये सोडल्या आणि नंतर चेहरा नि मागची भिंत अशा दोन्हींवर राळेच्या पुडीने सलग छटा देणारं अ‍ॅक्वाटिंट केलं. पहिल्या प्रूफमध्ये (चाचणीच्या छाप्यात), त्यांच्याच शब्दांत, चेहरा तव्याच्या बुडासारखा आला, हात भिंतीत बुडाले आणि सर डावखुरे झाले. आता ही प्लेट वाचेल का, की फोटो उलटा करून नवी करू? चेहरा उजळ कसा करायचा? नवी केलीच तर तांब्याची घेऊ का?

प्लेट बहुतेक वाचेल. पण ती दुरुस्त करायला बसण्याआधी काय बिघडलंय ते नीट बघू, नाहीतर नव्या प्लेटवरही हेच होईल, फक्त सर उजव्या हाताने पुसताना दिसतील.

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. डावखुरेपण बाजूला ठेवलं तर उरलेल्या दोन्ही मला एकच वाटतात. फोटोत प्रत्येक ठिकाणी काही ना काही छटा असते. भिंतीवर असते, शर्टावर असते, शाईच्या डब्यावर असते. ती सगळी तुम्ही इमानदारीने प्लेटवर आणलीत. पण एचिंगमध्ये उजेड नावाची वस्तू आपण करू शकत नाही. उजेड म्हणजे न छापलेला कागद. तो कुठे राखून ठेवायचा हे अ‍ॅसिडच्या आधी ठरवावं लागतं. तुमच्या प्लेटवर ते ठरलंच नव्हतं. शिवाय सगळ्या रेषा सारखाच वेळ अ‍ॅसिडमध्ये राहिल्या, म्हणजे सगळ्या सारख्याच खोल गेल्या. सरांच्या पापणीची रेष आणि भिंतीवरच्या खिळ्याची रेष एकाच आवाजात बोलायला लागल्या. त्यावर अ‍ॅक्वाटिंटचा थर बसला आणि सगळंच मिटलं.

मी प्लेट पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. अ‍ॅसिड किती ताजं होतं, किती वेळ ठेवलंत, चेहरा प्लेटवर किती सेंटिमीटरचा आहे, यावर बरंच अवलंबून आहे. नखाचं टोक रेषेवरून फिरवून बघा. नख नुसतं खरखरलं तर काम सोपं आहे. अडकून थांबलं, तर चेहऱ्यापुरती मेहनत जास्त लागेल.

आता थोडं मागे जातो, कारण काम करणाऱ्या छापकाराचं चित्र छाप्यातच करायचं हा उद्योग जुना आहे आणि त्यातली दोन उदाहरणं तुमच्या नेमक्या अडचणीवर बोट ठेवतात.

पहिलं डच चित्रकार रेम्ब्रांटचं. १६४८ मध्ये त्याने खिडकीशी बसून काम करतानाचं स्वतःचं एचिंग केलं. प्लेट तुमच्याहून बरीच लहान आहे, साधारण १६ बाय १३ सेंटिमीटर. याआधी १६३९ मध्ये त्याने ऐटबाज कपडे घालून, कठड्यावर कोपर टेकवून बसलेलं स्वतःचं चित्र एच केलं होतं. १६४८ मध्ये तो थाट गेला. डोक्यावर साधी हॅट, अंगात कामाचा अंगरखा, डावीकडे खिडकी आणि समोरच्या आधारावर टेकलेला हात. तो कागदावर चित्र काढतोय की प्लेटवर सुई चालवतोय, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मला यातली गंमत अशी वाटते की अवजार ओळखता आलं नाही तरी हा माणूस कामात आहे याबद्दल कुणाला शंका येत नाही. ते खांद्यांवरून कळतं, हातावर पडलेल्या भारावरून कळतं, नजरेवरून कळतं. खोली जवळजवळ अंधारात आहे आणि कोरा कागद मुख्यतः खिडकीत, चेहऱ्याच्या एका बाजूला आणि हाताखालच्या पानावर उरलाय. तुमच्या प्रूफमध्ये शाईचे डबे, कॅलेंडर, रॅक हे सगळं ओळखू येतं असं तुम्ही लिहिलंय. तेच तर अडतंय.

आणखी एक गोष्ट. ही प्लेट त्याने एका झटक्यात संपवली नाही. थोडी छापली, पुन्हा काम केलं, पुन्हा छापली. सुरुवातीच्या अवस्थांमध्ये खिडकी कोरी आहे, नंतरच्या अवस्थेत तिच्याबाहेर निसर्गदृश्य आलं. (मला कोरी खिडकीच जास्त आवडते, पण ते असो.) तुम्ही पहिल्या प्रूफला निकाल समजताय. ते प्रूफ आहे, पहिली अवस्था आहे.

दुसरं उदाहरण फ्रेंच चित्रकार देगाचं, आणि ते तुमच्या जास्त जवळचं. १८५७ मध्ये रोममध्ये असताना, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने जोसेफ तुर्नी या खोदकाम करणाऱ्या स्नेह्याचं एचिंग केलं. टेबलाशी बसलेला, डोक्यावर टोपी, समोर बघणारा तुर्नी. मांडणी सरळसरळ रेम्ब्रांटच्या त्या १६४८ च्या चित्रावरून घेतलेली आहे. म्हणजे शिकणाऱ्या पोराने या धंद्यातल्या वडीलधाऱ्या माणसाचं चित्र त्याच्याच माध्यमात केलं. तुमचीच गोष्ट झाली. पण खरा धडा पुढे आहे. काही वर्षांनी देगाने तीच प्लेट पुन्हा छापली तेव्हा ती नेहमीसारखी स्वच्छ पुसली नाही. पृष्ठभागावर शाई मुद्दाम राखली आणि हव्या त्या जागा पुसून उघड्या केल्या. कोरलेल्या रेषा त्याच, पण खोलीत संध्याकाळ झाली. त्याचा मित्र लेपिक याने तर हे टोकाला नेलं आणि नदीकाठच्या एकाच प्लेटमधून, फक्त शाई लावण्या-पुसण्यातल्या फरकाने, ८५ वेगवेगळे छापे काढल्याचं सांगितलं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की बर्निशरला (धातू घासून दाबायच्या गुळगुळीत अवजाराला) हात लावू नका. आधी हीच प्लेट वेगवेगळ्या प्रकारे पुसून छापा. कुठे उजेड हवा हे धातू खरवडून शोधण्यापेक्षा कापडाने शोधा. कापडाने केलेलं पुढच्या छाप्यात पुन्हा बदलता येतं.

तीन प्रूफं काढा. पहिलं अगदी स्वच्छ पुसलेलं: जाळीच्या कापडाने गोल गोल, मग तळहाताला खडूची पूड लावून शेवटचा हात. यात प्लेटवर खरोखर काय कोरलंय ते कळेल. तुमचं पहिलं प्रूफ अर्धवट पुसलेलं असण्याचीही शक्यता आहे. नवख्या हाताने अ‍ॅक्वाटिंटमध्ये शाई जास्त राहते, आणि चेहऱ्याच्या काळेपणातला काही भाग तोच असू शकतो. दुसऱ्या प्रूफमध्ये सगळीकडे शाईचा पातळ थर राखा आणि चेहऱ्याची एक बाजू, दोन्ही हात आणि सरांच्या हातातली प्लेट एवढंच बोटाला कापड गुंडाळून पुसा. बारीक जागांसाठी कापसाच्या काड्या चालतात. तिसऱ्यात चेहराही अंधारात सोडा. फक्त हात आणि प्लेट उघडे करा.

तिन्ही प्रूफं भिंतीवर लावून दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. अशा चित्रात तिसरंच प्रूफ बहुतेकदा रस्ता दाखवतं असा माझा अनुभव आहे. प्लेट पुसणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष हातांखाली असतं. बघणाऱ्याची नजरही आधी तिथे गेली, की मग ती आपणहून वर चेहऱ्याकडे चढते. चेहरा आधी आणि हात मागून, असा क्रम झाला की चित्र ओळखपत्राच्या फोटोकडे झुकतं.

स्टुडिओत जाऊन एक निरीक्षण करा, फोटोवर विसंबू नका. पुसायला घेतलेली प्लेट सुरुवातीला काळी असते. जसजशी पुसली जाते तसतसा धातू उघडा पडतो आणि खिडकीचा उजेड त्यावर आदळून वर जातो. वाकलेल्या माणसाच्या हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, चष्म्याच्या खालच्या काठावर तो पडतो. कपाळ अंधारात आणि हनुवटी उजेडात, असा उलटा चेहरा आपल्या धंद्यात रोज दिसतो. मोबाइल तो पुसून टाकतो, कारण मोबाइलला सावल्या भरून काढायची सवय असते. तुमच्या सरांचा चेहरा काळा झाला याचं मला तितकं वाईट वाटत नाही. तो सगळीकडे सारखाच काळा झाला, याचं वाटतं.

फोटोबद्दल अजून एक. मोबाइल जवळ नेऊन, टेबलाच्या पलीकडून काढला असणार. त्यात पुढचे हात अवास्तव मोठे आणि नाक लांब येतं. नवा फोटो घ्यायचाच असेल तर चार पावलं मागे जा आणि झूम करा. पण त्याहून चांगलं म्हणजे सरांना एखादी प्लेट पुसायला सांगून शेजारी उभं राहून पेन्सिलने दहा-बारा झटपट रेखाटनं करा. त्यांना कळू द्यायचं नसेल तर वर्गातल्या डेमोच्या वेळी करा.

वाकलेलं डोकं काढताना सगळे एकच गोष्ट चुकतात. डोकं खाली झुकलं की कान वर जातात, म्हणजे डोळ्यांच्या रेषेच्या वर दिसायला लागतात. कपाळ आणि टाळूचा भाग मोठा होतो. नाक ते हनुवटी हे अंतर आखडतं. ट्रेस केलेल्या चित्रातसुद्धा हे हरवतं, कारण पक्कं करताना आपला हात सवयीचा समोरचा चेहरा काढतो. खाली बघणाऱ्या डोळ्यात बुबुळ दिसत नाही, पापणीची एक रेष आणि तिच्याखालची सावली दिसते. तुम्ही डोळे उघडे काढले असतील तर आत्ताच बुजवा. साम्य त्या डोळ्यांत नाहीच. ते मानेच्या बाकात आहे, नाकावर घसरलेल्या चष्म्यात आहे, पुसताना कोपर किती बाहेर जातं त्यात आहे. सरांना ओळखणारा माणूस पाठमोऱ्या सरांनाही ओळखतो.

आता डावखुरेपण. प्लेटवरचं चित्र छापताना उलटतं हे तुम्हाला ठाऊक होतंच. घाईत राहून गेलं. पण ते दुरुस्त करायलाच हवं का? हे परिस्थितीवर आहे. प्रेसचं चाक फिरवताना किंवा दोन्ही हातांनी प्लेट पुसताना डावं-उजवं कुणी बघत नाही. हातात सुई किंवा बुरिन (धातू कोरायचं टोकदार अवजार) असेल, मनगटावर घड्याळ असेल, भांग असेल, शर्टाची बटणपट्टी असेल, मागे काही लिहिलेलं असेल, तर जवळच्या माणसांना ते लगेच टोचतं. यात एक मजा आहे. सरांनी स्वतःचा चेहरा आयुष्यभर आरशात पाहिलाय, त्यामुळे उलटं चित्र त्यांना ओळखीचं वाटेल. घरच्यांना मात्र काहीतरी बिनसलंय असं वाटत राहील. चित्र सरांच्या घरी लागणार आहे, तेव्हा घरच्यांचं मत मोजा.

रेम्ब्रांटला ही अडचण आली नाही. त्याने स्वतःला आरशात पाहून काढलं, आरशाने एकदा उलटवलं, प्रेसने पुन्हा उलटवलं, आणि छाप्यात उजवा हात उजवाच राहिला. हीच युक्ती दुसऱ्याचं चित्र काढतानाही चालते. प्लेटवर थेट समोर बघून काढायचं असेल तर सरांकडे पाठ करा, समोर आरसा ठेवा आणि आरशातले सर काढा. ते नको असेल तर ट्रेसिंग पेपर पालथा घाला, मध्ये गेरू घासलेला कागद ठेवा आणि उतरवा. ग्राउंडच्या काळ्यावर गेरूची रेष छान दिसते. मोबाइलमध्ये फोटो उलटवण्याची सोय असतेच, फक्त सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आधीच उलटलेला असू शकतो, तेवढं तपासा.

चालू प्लेट दुरुस्त करताना मात्र सगळं उलटं बघत काम करावं लागतं, आणि प्रूफवरची खूण प्लेटवर शोधताना डोकं फिरतं. यावर जुना उपाय म्हणजे काउंटरप्रूफ. ताजं, ओलं प्रूफ काढलं की त्यावर दुसरा ओला कागद ठेवून दोन्ही प्रेसमधून काढा. दुसऱ्या कागदावर फिकट छापा येतो, आणि तो प्लेटच्याच दिशेचा असतो. त्यावर पांढऱ्या पोस्टर कलरने आणि काळ्या पेन्सिलने काय बदलायचं ते रंगवा आणि तो समोर ठेवून प्लेटवर काम करा.

चेहरा उजळवण्याकडे येतो. अ‍ॅक्वाटिंटचा भाग सोपा आहे. राळेच्या कणांभोवती खाल्ले गेलेले ते बारीक खड्डे असतात, त्यांची टोकं दाबली की शाई कमी धरतात. तेलाचा थेंब टाका, बर्निशर जवळजवळ आडवा धरा आणि लहान लहान फेऱ्यांनी दाबा. सगळा चेहरा पुसत सुटू नका. हनुवटीचा खालचा काठ, नाकाचा शेंडा, एका गालाचं हाड, चष्म्याची खालची कड, एवढंच. मग शाई लावून पुसून बघा, आणि समाधान झालं नाही तर पुन्हा. झिंक मऊ असतं, त्यामुळे लवकर उजळतं आणि लवकर जास्तही होतं.

खोल गेलेल्या रेषा बर्निशरने जात नाहीत. तिथे आधी स्क्रेपर (धातू खरवडायचं धारदार अवजार), मग पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, ८०० पासून १२०० नंबरपर्यंत, आणि शेवटी बर्निशर. असं केलं की त्या जागी उथळ खळगा होतो, त्यात शाई साचते आणि छाप्यात एक मळकट डाग दिसतो. खळगा पाच-सहा मिलिमीटरचा असेल तर प्लेटच्या मागे नेमक्या त्याच जागी कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. प्रेसचा दाब तेवढा वर उचलतो. मोठा असेल तर कॅलिपरने मागची जागा काढून हलक्या हातोडीने ठोकावं लागतं, आणि ते सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शिकू नका. तुटक्या प्लेटवर सराव करा. चेहरा तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि नख सगळीकडे अडकत असेल, तर खरवडत बसण्यात अर्थ नाही, नवी प्लेट घ्या.

हात वर आणण्यासाठी हातांवर काम करायची गरजच नाही. हात बुडाले ते मागची भिंत त्यांच्याइतकीच गडद आहे म्हणून. हातांच्या वर, कोपरापासून मनगटापर्यंत, भिंतीचा एक पट्टा उजळ करा. तळहाताची कड स्वच्छ करा आणि त्याखाली कापडाचा गोळा गडद राहू द्या. मग ड्रायपॉइंटच्या सुईने बोटांच्या दोन-तीन कडा थेट धातूवर ओरखडून पक्क्या करा. ओरखड्याच्या काठाला उठलेली बर शाई धरते आणि रेष मखमली येते, शाईने माखलेल्या बोटांसाठी ती अगदी योग्य. आपल्याकडे चित्रकार मुकुल डे १९१६ मध्ये रवींद्रनाथांबरोबर परदेशी गेले, शिकागोत एचिंग शिकून आले, आणि पुढे रवींद्रनाथांसकट अनेकांची व्यक्तिचित्रं त्यांनी ड्रायपॉइंटमध्ये केली. कुठे छापे बघायला मिळाले तर नुसता चेहरा बघू नका, रेष कुठे थांबवलीय ते बघा.

रॅक, कॅलेंडर, डबे यांच्याबद्दल माझं मत कठोर आहे. तीन चतुर्थांश काढून टाका. स्टुडिओ आहे हे कळायला प्रेसच्या चाकाचा एखादा आरा कडेला दिसला तरी पुरतो. सगळी खोलीच दाखवायची असेल तर तो वेगळा प्रकार झाला. फ्रेंच छापकार अब्राहम बॉसने १६४२ मध्ये पॅरिसमधल्या छापखान्याचं एचिंग केलं, त्यात एकजण प्लेटला शाई लावतोय, एक तळहाताने पुसतोय आणि तिसरा हातापायांचा जोर लावून प्रेसचे दांडे ओढतोय. वर दोरीवर छापे वाळतायत. काम कसं चालतं हे त्यातून लख्ख कळतं. पण ती तिन्ही माणसं कोण होती, हे त्या चित्राला सांगायचंच नाही. तुम्हाला सर सांगायचे आहेत.

(ओला कागद प्लेटवरून उचलतानाचा क्षण का निवडला नाही, असं तुमच्या मित्राने विचारलं म्हणे. तो क्षण सगळेच निवडतात. त्यात माणूस फोटोसाठी थांबल्यासारखा दिसतो. पुसणंच बरं.)

नवी प्लेट करायची ठरली तर क्रम बदला. सगळं एकदम कोरून मग टप्प्याटप्प्याने झाकत जाण्यापेक्षा मी उलट करतो. ग्राउंडवर आधी फक्त सर्वांत गडद जागा कोरायच्या: टेबलाखालची सावली, अ‍ॅप्रनच्या खोल घड्या, कापडाचा गोळा. प्लेट अ‍ॅसिडमध्ये. बाहेर काढून, धुऊन, वाळवून, त्याच ग्राउंडवर मधल्या रेषा: बाह्या, खांदे, केस. पुन्हा अ‍ॅसिडमध्ये; आधीच्या रेषा आणखी खोल जातात. चेहरा आणि हात सर्वांत शेवटी, अगदी थोड्या रेषांत, आणि अगदी थोडा वेळ. पाण्याच्या दहा भागांना नायट्रिकचा एक भाग असं सौम्य द्रावण असेल तर झिंकवर चेहऱ्याच्या रेषांना दोन-तीन मिनिटं पुरतात आणि सर्वांत गडद रेषांची एकूण वेळ पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जाते. हे आकडे देवाचे नव्हेत. मेमधल्या मुंबईत आणि डिसेंबरमधल्या पुण्यात तेच अ‍ॅसिड वेगळं वागतं, आणि सकाळपासून दहा प्लेटा खाल्लेलं अ‍ॅसिड आणखी वेगळं. झिंकच्या पट्टीवर आधी चाचणी घ्या. रेषांवर जमणारे बुडबुडे पिसाने हलके बाजूला करा, नाहीतर रेष तुटक जाते.

या पद्धतीचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो तो वेगळाच: चेहऱ्याला हात घालेपर्यंत हात तापलेला असतो, आणि बाकीचं चित्र समोर उभं असल्यामुळे चेहऱ्यावर किती कमी लागेल ते कळतं. अ‍ॅक्वाटिंट मग फक्त भिंतीवर करा. चेहरा, हात आणि प्लेट आधीच ब्लॅक जपानने (अ‍ॅसिड रोखणाऱ्या काळ्या वॉर्निशने) झाकून टाका. अ‍ॅक्वाटिंटचा हिशोब मिनिटांत नाही, सेकंदांत ठेवा.

तांब्याबद्दल. तांब्यावर रेष जास्त रेखीव येते, फेरिक क्लोराइडमध्ये ती संथ आणि स्वच्छ खाल्ली जाते, ड्रायपॉइंटची बरही जास्त छापे टिकते. पण महाग पडतं, आणि दीड महिन्यात नवा धातू, नवं द्रावण, नव्या वेळा हे सगळं शिकण्यात दिवस जातील. तुमच्या कॉलेजात झिंक आणि नायट्रिकची सोय आहे, तुमचा हातही त्यावर बसलाय. झिंकच घ्या. आणि कृपा करून झिंकची प्लेट तांब्याच्या फेरिकच्या टबमध्ये घालून बघू नका. जोरात प्रतिक्रिया होते, द्रावण तापतं, वायू सुटतो आणि टबही वाया जातो. नायट्रिक बनवताना पाण्यात अ‍ॅसिड, कधीही उलट नाही. राळेची पूड उडते तिथे तोंडाला मास्क हवा आणि ज्योत लांब हवी. घरी, गॅलरीत, स्वयंपाकघरात यातलं काहीही करायचं नाही.

म्हणजे या आठवड्यात एवढंच करा: वेगवेगळ्या पुसण्याची तीन प्रूफं, एक काउंटरप्रूफ, आणि सरांची उभ्या उभ्या केलेली रेखाटनं. त्यानंतर ठरवा. तिसऱ्या प्रूफमध्ये हात आणि हनुवटी उजेडात आल्यावर चित्र उभं राहत असेल, आणि डावखुरेपण खटकत नसेल, तर हीच प्लेट उजळवून पुरी करा. दोन आठवडे पुरतील. खटकत असेल तर वेळ न दवडता नवी प्लेट, पण त्या रेखाटनांवरून. फोटो फक्त चष्म्याचा आकार तपासायला.

छापताना कागद नीट भिजवा आणि टीपकागदात दाबून वरचं चकाकणारं पाणी जाऊ द्या. हातकागद वापरणार असाल तर आधी एक तुकडा तपासा. काहींना सायझिंग (कागदातली खळ) जास्त असतं, ते रात्रभर भिजवावे लागतात. ड्रायपॉइंट वापरलंत तर झिंकवरची बर पहिल्या काही छाप्यांतच दबून जाते, म्हणून मोठ्या एडिशनचा (एकसारख्या प्रतींच्या संचाचा) मोह नको. सरांना द्यायची प्रत सुरुवातीच्या छाप्यांतून बाजूला काढा. पृष्ठभागावर शाई राखून छापत असाल तर प्रत्येक प्रत वेगळी येणार. त्यांना एकसारख्या एडिशनचे नंबर घालू नका, प्रत्येकीवर पेन्सिलने तसं लिहा.

आणि छापण्याआधी प्लेटच्या चारही कडा फाइलने तिरक्या उतरवून, घासून गुळगुळीत करा. धारदार कडेने प्रेसमधलं लोकरी फेल्ट कापलं जातं, कागदही फाटतो. शिवाय तुमचे सर आयुष्यभर मुलांची प्रूफं तपासत आलेत. चेहरा ते नंतर बघतील, आधी प्लेटमार्कच्या (कागदावर उमटलेल्या प्लेटच्या ठशाच्या) कडा बघतील.